कललेला खडक, गरम पाणी, काळा चिखल: ठाण्याभोवती पाच दिवस

ठाण्याभोवतीचा खडक, पाणी, हवा आणि चिखल बघत पृथ्वीविज्ञानाच्या शाखा जागेवरच ओळखायचा हा दौरा डिसेंबर-जानेवारीतच करावा. पावसाळ्यात सह्याद्री देखणा असतो, पण खडक बघायचा तर शेवाळ, गवत आणि धुकं तिन्ही आड येतात. एप्रिलनंतर कातळ इतका तापतो की दुपारी त्यावर हात टेकवत नाही. तारखा ठरवताना आधी तिथी बघा. चौथा दिवस खाडीचा आहे आणि तो एकादशी-द्वादशीच्या आसपास यायला हवा. कारण त्या दिवशीच सांगितलं आहे.

सामान थोडकं. सातशे-आठशे ग्रॅमची हातोडी, दहापट मोठं दाखवणारं भिंग, खिशातली सुरी, होकायंत्र, शंभर अंशांपर्यंतचा थर्मामीटर, पीएचच्या पट्ट्या, एक लिटरच्या रिकाम्या बाटल्या, चिकटपट्टी आणि कायम शाईचं पेन. कंपासपेटीतल्या कोनमापकाच्या मध्याला दोरा बांधून त्याला नट लटकवला की उतार मोजायचं साधन तयार. शिवाय थेंब पाडायच्या छोट्या बाटलीत तीसेक मिली सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड. तीव्र ॲसिडच्या एका भागाला तीन भाग पाणी, आणि ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. ते जमण्यासारखं नसेल तर व्हिनेगर चालतं, फक्त बुडबुडे उशिरा आणि मंद येतात.

पहिला दिवस: मुंब्रा, पारसिक

ठाण्याहून कळव्यामार्गे मुंब्रा लोकलने दहा-पंधरा मिनिटांवर. स्टेशनात उतरल्यावर समोर उभा राहतो तो पारसिकच्या रांगेचा डोंगर. हाच डोंगर फोडून १९१६ साली सुमारे १.३ किमीचा बोगदा झाला. मुंब्रादेवीच्या पायऱ्यांनी चढायचं आणि पायऱ्यांच्या कडेला उघडा पडलेला खडक बघत जायचं. बायपास रस्त्याच्या कडेला मात्र थांबू नका. तिथला कापलेला कडा छान दिसतो, पण अवजड वाहनं अंगावरून जातात आणि वरून दगड सुटतात. देवस्थानाच्या डोंगरावर हातोडीही चालवायची नाही. आधीच पडलेले तुकडे पुरेसे असतात.

खडक ओळखताना पहिली चूक बाहेरच्या सालीवर विसंबण्याची. पाऊस-उन्हाने वरचा पापुद्रा तांबूस-तपकिरी होतो आणि कोणताही दगड कोणत्याही दगडासारखा दिसू लागतो. ताजी तुटलेली बाजू शोधा. ती करडी-काळी, बारीक कणांची आणि वजनाला जड लागली तर तो बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा खडक. भिंग डोळ्याला चिकटवून धरायचं आणि दगड भिंगाजवळ आणायचा. नवखे लोक नेमकं उलटं करतात, भिंग दगडावर धरून लांबून बघतात. नीट बघितलं की पांढुरक्या बारीक काड्या दिसतात, ते प्लॅजिओक्लेज हे खनिज. काळसर ठिपके पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाचे. होकायंत्राची सुई या दगडाजवळ किंचित हलते, कारण त्यात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज आहे. हा मुद्दा पाचव्या दिवशी लागणार आहे.

काही तुकड्यांत वाटाण्याएवढ्या पोकळ्या असतात. लाव्हा वर येताना त्यातला वायू सुटला, बुडबुडे झाले आणि ते तसेच गोठले. पुढे त्यांतून झिरपणाऱ्या पाण्याने खनिजं आणून भरली. पांढरं भरलेलं म्हणजे सगळं एकच, असं समजू नका. सुरीने सहज ओरखडा उठला आणि ॲसिडचा थेंब फसफसला तर कॅल्साइट. सुरी लागली, पण थेंब शांत राहिला आणि तुटलेल्या बाजूवर मोत्यासारखी चमक असली तर बहुधा झिओलाइट. सुरीचंच पातं घासलं गेलं तर गारगोटी. पोकळीला आतून हिरवा लेप असेल तर तो शेवाळाचा समजून खरवडू नका; तेही खनिजच असतं. ॲसिड टाकल्यावर तुकडा पाण्याने धुऊनच पिशवीत टाकायचा, नाहीतर संध्याकाळपर्यंत पिशवीला भोक आणि चिठ्ठीवरचे अक्षर गायब.

एवढ्यात दोन शाखा होऊन गेल्या. पोकळीत काय भरलंय हे विचारणारं ते खनिजशास्त्र. ती खनिजं एकत्र येऊन हा खडक कसा झाला, म्हणजे अकराशे-बाराशे अंशांचा लाव्हा किती वेगाने थिजला, हे विचारणारं शिलाशास्त्र. कण जितके बारीक तितका लाव्हा लवकर थिजलेला.

तिसरी शाखा, संरचनात्मक भूविज्ञान, मान वर केल्याशिवाय कळत नाही. हा डोंगर लाव्ह्याच्या एकावर एक थरांचा आहे आणि हे थर सपाट नाहीत, पश्चिमेकडे, म्हणजे समुद्राकडे कललेले आहेत. पनवेल ते मुंबई या पट्ट्यात हा कल काही अंशांपासून पंधरा अंशांपर्यंत भरतो. दहा अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण त्या उताराने थर एका किलोमीटरमध्ये १७६ मीटर खाली जातो. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने १९४९ साली या वाकण्याची मांडणी केली आणि ते आजही पनवेलच्या नावाने ओळखलं जातं.

कल मोजताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक, थरावर पूर्वेकडून किंवा पश्चिमेकडून नजर टाकली तर तो आडवाच दिसतो. कल पश्चिमेकडे असेल तर उत्तरेला किंवा दक्षिणेला तोंड करून बघावं लागतं. तिरकं उभं राहिलं की खऱ्याहून कमी कोन भरतो. दुसरी चूक जास्त भोवते: बेसाल्ट थंड होताना आकसतो आणि त्यात उभ्या भेगा पडतात, शिवाय झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटतात. त्या भेगांना आणि पापुद्र्यांना थर समजून कोनमापक लावला तर उत्तर साठ अंशही येईल. थराची खरी वेस ओळखायची खूण म्हणजे पोकळ्यांनी भरलेला, लालसर माथा आणि त्यावर एकदम सुरू होणारा घट्ट काळा दगड. ती रेघ लांबवर सापडली तरच मोजा. पाच ठिकाणी मोजून मधलं उत्तर घ्या.

कधी या थरांना उभा छेद देत गेलेली दगडाची भिंत दिसते, आसपासच्या खडकाहून घट्ट किंवा वेगळ्या रंगाची. तो डाइक. आधीच्या थरांना तडा गेला आणि त्यातून नवा लाव्हा घुसला. छेदणारा छेदल्या गेलेल्याहून लहान वयाचा, एवढा साधा नियम; थरांचा क्रम लावणाऱ्या स्तरविज्ञानाचा निम्मा व्यवहार त्यावर चालतो. किनारपट्टीतले बरेचसे डाइक उत्तर-दक्षिण धावतात. कल पश्चिमेला आणि तडे त्याला काटकोनात, म्हणजे जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली असणार. पण मुळात हे थर इथेच कलले की सगळीकडेच कललेले आहेत, ते मुंब्र्यात बसून सांगता येत नाही.

दुसरा दिवस: नाणेघाट

म्हणून पूर्वेला. कल्याण-मुरबाड-टोकावडे करत माळशेजच्या रस्त्याला लागायचं आणि वैशाखऱ्याच्या पुढे घाटवाटेच्या फाट्यावर उतरायचं. ठाण्याहून पहाटे साडेपाचला निघालात तर आठच्या आत पायथ्याला. एसटी मिळते, पण परतीची शेवटची गाडी विचारूनच चढा. चढ सहाशे-सातशे मीटरचा. दगड बघत गेलं तर तीन तास धरावेत. माणशी तीन लिटर पाणी.

पायथ्यापासूनच वहीत दोन रकाने आखा: उंची आणि खडक. मोबाइलमध्ये वायुदाब मोजायची सोय असेल तर तीच वापरा, उपग्रहावरून येणारी उंची झाडीत भरकटते. साधारण साडेआठ मीटर चढलं की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो; माथ्यावर तो पायथ्यापेक्षा पंचाहत्तरच्या आसपास कमी भरेल. दाब दिवसभरात आपणहूनही चढतो-उतरतो, म्हणून उतरल्यावर पायथ्याला पुन्हा एकदा नोंद करायची आणि फरक वाटून टाकायचा. ही नोंद बहुतेक जण विसरतात आणि मग थरांच्या उंचीत वीस-पंचवीस मीटरची चूक राहते.

चढताना वाट कधी सपाट पठारीवर येते, कधी कड्याला भिडते, आणि हे आलटून पालटून होतं. घट्ट, भेगांचा मधला भाग झिजायला तयार नसतो, तो कडा होऊन उभा राहतो. पोकळ्यांचा मऊ माथा लवकर खचतो, तिथे पठारी आणि झाडी. दख्खनच्या या लाव्हा-थरांना ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्द पायरीला असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आला. थराच्या तळाशी बोटाएवढ्या उभ्या नळ्या दिसल्या तर थांबून बघा. ओलसर जमिनीवरून लाव्हा वाहताना खालून वाफ चढली, त्याच्या त्या वाटा. एका थरावर दुसरा येण्यापूर्वी मध्ये किती काळ गेला याची एक साक्ष म्हणजे मधला लाल मातीचा पट्टा: आधीच्या थराची झीज होऊन माती झाली आणि वरच्या लाव्ह्याने ती भाजून काढली. पट्टा जाड म्हणजे मधला काळ जास्तच, असं मात्र छातीठोकपणे म्हणू नये. उतारावरून वाहून आलेल्या राखेनेही जाडी वाढते.

माथ्यावर सातवाहनकालीन लेणं आहे. नागनिका राणीचा ब्राह्मी लेख, त्यातले जुने अंक, बाहेर दगडी रांजण. लेण्यातले अंक वाचायचा मोह होतोच, पण ‘नानाचा अंगठा’ या कड्यावर जाऊन समोर बघणं चुकवू नका. इथले थर जवळजवळ आडवे आहेत. समोरच्या डोंगराच्या कड्यातली रेघ डोळ्याच्या पातळीवरून सरळ पलीकडे जाते. म्हणजे पठारावर सपाट, पनवेलजवळ वाकलेले आणि मुंबईकडे समुद्रात उतरणारे, असा हा एकच पट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा ओतला गेला. आज उरलेला विस्तारही पाच लाख चौरस किमीच्या आसपास आहे. त्यानंतर काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला आणि किनारा ताणला गेला. वाक त्या ताणातून आला यावर बहुतेकांचं एकमत. तो खोल तड्यांवरून जमीन घसरल्याने की नुसता खचल्याने, यावर वाद आहे आणि तो एका कड्यावर उभं राहून मिटणारा नाही.

पण मग हा कडा पनवेलजवळ का नाही, इतका आत का? खडकाचा अभ्यास इथे थांबतो आणि भूरूपशास्त्र सुरू होतं. कडा पावसाने आणि नद्यांनी मागे रेटत आणला आहे. खाली कोकणात माहुली, मलंगगड असे सुटे डोंगर उभे दिसतात, ते मागे राहिलेले अवशेष.

डिसेंबरच्या सकाळी माथ्यावरून खाली बघितलं तर कोकणावर करड्या धुरक्याचं झाकण दिसतं आणि त्याची वरची कड चाकूने कापल्यासारखी सरळ असते. रात्री जमीन गार होते, तिला टेकलेली हवा गार होते, वर मात्र ऊब. उलट्या तापमानाचा हा थर धूर वर जाऊ देत नाही. एरवी हवा कोरडी असेल तर शंभर मीटरला जवळपास एक अंश आणि सरासरीने साडेसहाशे मीटरला चार-सव्वाचार अंश उतरायला हवेत. सकाळी आठला पायथ्याला आणि अकराला माथ्यावर घेतलेल्या तापमानांची तुलना मात्र करू नका, मधल्या तीन तासांत ऊन चढलेलं असतं. दोघांनी एकाच वेळी दोन टोकांना मोजावं.

हवामानशास्त्राचा मोठा धडा हिवाळ्यात दिसत नाही, नकाशावर बघावा लागतो. नैर्ऋत्य वारे या भिंतीला आपटून चढतात, गार होतात आणि रिते होतात. ठाण्याच्या सपाटीवर वर्षाला अडीच हजार मिमीच्या आसपास, घाटमाथ्यावर कित्येक ठिकाणी त्याच्या दुप्पट, आणि पलीकडे पुण्याला सातशेच्या आसपास. पाऊस मोजायची बाटली गच्चीत ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: जवळच्या भिंतीच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवा, नोंद सकाळी साडेआठला करा, आणि नरसाळ्याचं तोंड बाटलीपेक्षा रुंद असेल तर दोन्हींच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात भाग द्या. व्यासाच्या प्रमाणात भाग दिला की आकडा हमखास चुकतो.

तिसरा दिवस: अकलोली, गणेशपुरी

एवढा पाऊस जातो कुठे? बराचसा नद्यांनी खाडीत. जो मुरतो तो बेसाल्टच्या तऱ्हेने मुरतो. भिवंडी-अंबाडीमार्गे वज्रेश्वरीकडे जाताना वाटेतल्या दोन-तीन विहिरींत डोकावायचं आणि दोरीला वजन बांधून पाण्याची खोली मोजायची. विहिरीच्या भिंतीतच सगळी गोष्ट दिसते: वर माती, मग मुरूम, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे पोकळ्यांचा दगड, मग काळा पाषाण. पाणी मुरमात, पोकळ्यांच्या थरात आणि भेगांत राहतं. घट्ट काळ्या दगडात जवळपास नाही. म्हणून एका बोअरला पाणी आणि पन्नास फुटांवरच्या दुसऱ्याला नुसती धूळ, असं होतं. नारळ-लिंबू धरून जागा दाखवणाऱ्याला यश येतं तेव्हा भेगेने साथ दिलेली असते. शहापूर तालुक्यात तानसा (१८९२) आणि भातसा ही धरणं आहेत, तरी उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर जातो. त्याचं अर्धं कारण वाटपाचं, अर्धं या खडकाचं: ऑक्टोबरमध्ये काठोकाठ भरलेला पातळ थर मेपर्यंत ओढ्यांतून निथळून जातो. भूजल सर्वेक्षणाची मंडळी निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात ते याचसाठी. एकदाच मोजलेल्या पाण्याला अर्थ नसतो.

अकलोलीत तानसा नदीच्या काठावर आणि पात्रात गरम पाण्याची कुंडं आहेत. गणेशपुरी थोडं पुढे. तापमान चाळिशीच्या पुढे, काही झऱ्यांत पन्नाशीच्या आसपास. मोजायचं ते कुंडात नाही, पाणी उगवतं त्या तोंडाशी. कुंडात आंघोळीची गर्दी आणि वाऱ्याने ते दोन-चार अंश उतरलेलं असतं. थर्मामीटर तीन मिनिटं पाण्यात ठेवून पाण्यात असतानाच वाचायचा. बाहेर काढला की आकडा पडायला लागतो. नमुन्याची बाटली तीनदा त्याच पाण्याने खळबळून, काठोकाठ, हवा न ठेवता भरायची. पीएच जागेवरच, हॉटेलवर नेईपर्यंत विरघळलेला वायू उडून जातो आणि पीएच चढतो.

‘खाली ज्वालामुखी आहे’ हे इथे सर्रास ऐकू येतं. नाही. इथला लाव्हा सहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला. हे पावसाचंच पाणी, तड्यांतून खोल गेलेलं आणि तापून वर आलेलं. हिशोब साधा आहे. खोलीनुसार तापमान किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. जमिनीचं सरासरी तापमान २७ धरलं आणि झरा ५० अंशांचा, तर फरक २३. म्हणजे पाणी निदान पाऊण ते एक किलोमीटर खाली जाऊन आलंय. प्रत्यक्षात त्याहून खोल, कारण वर येताना ते गार होतं आणि उथळ पाणी त्यात मिसळतं. भूरसायनवाले यासाठी विरघळलेल्या सिलिकेचं प्रमाण बघतात: गरम पाण्यात सिलिका जास्त विरघळते आणि लवकर खाली बसत नाही, म्हणून ती खोलवरच्या तापमानाची आठवण धरून ठेवते.

असे झरे इथून दक्षिणेला उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूरपर्यंत माळेसारखे लागतात आणि ती माळ किनाऱ्याला समांतर आहे. मुंब्र्यातल्या डाइकची दिशा आठवा.

चौथा दिवस: ऐरोली, ठाण्याची खाडी

भरतीची वेळ काढायला कोकणातला जुना हिशोब पुरतो: तिथीची पाऊणपट. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे साधारण सव्वाआठला पूर्ण भरती आणि सहा तास बारा मिनिटांनी, अडीचच्या सुमाराला, ओहोटीचा तळ. द्वादशीला नऊ. रोज पाऊण तासाहून थोडी जास्त सरक असते, कारण चंद्रही तेवढा पुढे गेलेला असतो. हा हिशोब मुंबईच्या तोंडाचा. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी आणखी उशिरा पोहोचतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरहूनही जास्त चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे कमी चढउताराच्या भरतीला, त्याहून खूप कमी. मग एकादशी-द्वादशीच का? बोटीला पाणी हवं आणि रोहितांना, म्हणजे फ्लेमिंगोंना, उघडा चिखल. सकाळी उतरत्या पाण्यावर निघालं की दोन्ही मिळतं. उधाणाच्या दिवशी भरती भर दुपारी येते आणि चिखल उघडा पडतो तो अंधुक उजेडात.

ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. जागा आधी राखून ठेवावी लागते आणि वेळ तेच भरतीप्रमाणे देतात. खाडीची लांबी सुमारे २६ किमी. उत्तरेला ती अरुंद फाट्याने उल्हासशी जोडलेली, दक्षिणेला मुंबई बंदरात रुंदावते. २०१५ पासून रोहित अभयारण्य, २०२२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत. दोन्ही काठांवर तिवरांची भिंत. चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं श्वासासाठी. पानाचा मागचा भाग जिभेला लावला की खारट लागतो: झाड मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

चिखलात उतरू नका. गुडघ्याच्या वर रुतल्यावर पाय ओढला की खाली पोकळी होते आणि ती पाय परत खेचते. एकट्याने निघणं कठीण. धक्क्याच्या पायरीवरून डब्याने किलोभर चिखल घ्या. वरचं बोटभर तपकिरी, खाली कोळशासारखा काळा, आणि सडक्या अंड्याचा वास. तिथे हवा पोहोचत नाही. जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि सल्फाइड सोडतात. लोहाशी त्याचा संयोग होऊन काळा रंग येतो. हा चिखल बाहेर काढून कोरडा होऊ दिला तर सल्फाइडचं ॲसिड होतं आणि पीएच घसरतो. भरावासाठी किंवा बागेसाठी खाडीचा गाळ फुकट मिळतो म्हणून नेणाऱ्यांची झाडं जळतात ती नुसत्या मिठाने नाही, यानेही. मृदाशास्त्र इतकं जवळ आहे. खारबंदिस्तीतल्या भातशेतीचाही हाच मामला: बांध शाबूत असेपर्यंत पाऊस मीठ धुऊन काढतो, बांध फुटून खारं पाणी आत आलं की काही पावसाळे पीक घेता येत नाही.

आता एक प्रयोग, यावर वेळ घालवाच. दोन लिटरभर बाटल्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत खाडीचं. दोन्हींत दोन मोठे चमचे चिखल टाकून मिनिटभर जोरात हलवायच्या आणि शेजारी ठेवायच्या. वाळू दोन्हींत मिनिटाच्या आत तळाला. त्यानंतर खाऱ्या पाण्याच्या बाटलीत गाळाचे कापसासारखे गुंजे दिसू लागतात आणि काही वेळात वरचं पाणी निवळतं. गोड्या पाण्याची बाटली चहासारखी गढूळच राहते. चिकणमातीच्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, म्हणून गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगतात. मिठातले आयन तो भार झाकतात आणि कण चिकटून जड होतात. नदी गाळ घेऊन येते आणि खाडीत शिरताच तो बसायला लागतो, याचं हे एक मोठं कारण. गोड पाणी म्हणून मुळातच खारट बोअरचं पाणी घेतलं तर प्रयोग फसतो. चिखल जास्त घेतला तरी फसतो.

पाण्याचा खारेपणा मिठागरात डिग्रीने मोजतात. खुल्या समुद्राचं पाणी तीन-साडेतीन डिग्री, म्हणजे लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. कोंड्यांत, म्हणजे मिठागराच्या उथळ वाफ्यांत, आटत आटत ते पंचवीस डिग्रीला आलं की मीठ पडू लागतं. त्याआधी जिप्सम पडून जायला हवं आणि तिशीच्या जवळ पाणी सोडून द्यायला हवं, नाहीतर मॅग्नेशियमचे क्षार बसतात आणि मीठ कडू होतं, हवेत ओलं राहतं. आगरात राबणारे आगरी. सागरविज्ञानातलं हे प्रकरण त्यांना पाठ होतं.

दुपारी वाशी-नेरुळकडे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या आगेमागे आहे, म्हणून सिडकोने धारण तलाव बांधले. भरतीला झडपा बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला उघडतात. बिघडतं काय तर झडपेत प्लास्टिक अडकतं आणि ती अर्धवट उघडी राहते, किंवा तलाव गाळाने भरतो. गाळावर तिवरं उगवली की ती काढायला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ९४४ मिमी म्हणजे एका चौरस किलोमीटरवर साडेनऊ लाख घनमीटरच्या जवळ. आपल्या नोडमधला धारण तलाव किती लांब, रुंद, खोल, ते पावलांनी मोजून गुणाकार करून बघा.

पाचवा दिवस: बेलापूर, खारघर, पनवेल

न दिसणाऱ्या गोष्टींचा दिवस, म्हणून छोटा.

सकाळी जुन्या सेक्टरांमधून चालताना इमारतीच्या जोत्याकडे बघा. पायरी आणि फुटपाथ यांच्यात फट, तिरकी झालेली कुंपणभिंत, मध्येच खचलेला पेव्हर ब्लॉक. इमारत पाइलवर, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या खांबांवर, खालच्या खडकाला टेकलेली. तिच्याभोवतीचा भराव मात्र मऊ सागरी चिकणमातीवर. भरावाच्या वजनाने त्यातलं पाणी वर्षानुवर्षं हळूहळू पिळून निघतं आणि जमीन बसत जाते. भूकंपातही हा फरक बोलतो: मऊ माती धक्का वाढवून देते. भारतीय मानकाच्या २०१६च्या नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा, आणि पालघरमध्ये डहाणू-तलासरीच्या बाजूला नोव्हेंबर २०१८ पासून छोट्या धक्क्यांची मालिका लागली होती.

खारघरला पांडवकडा रस्त्यावरूनच. १०७ मीटरचा कडा हिवाळ्यात कोरडा असतो आणि थर मोजायला तेव्हाच बरा. पावसाळ्यात तिथे जायला बंदी घालतात आणि ती योग्यच आहे: वर पडलेला पाऊस खाली दिसत नाही, लोंढा मात्र मिनिटांत येतो.

नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आहे. आत जायचं तर परवानगी आधी घ्यावी लागते. कुलाब्याला १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड सौर वादळाची नोंद त्यात सापडते. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून वेधशाळा १९०४ साली अलिबागला नेली, आणि दोन्हीकडच्या नोंदी जुळाव्यात म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मोजमाप चालू ठेवलं. उपकरण हलवताना दोन वर्षं समांतर मोजणं, ही शिस्त उचलण्यासारखी.

इथे पहिल्या दिवसाची सुई. लाव्हा थिजताना त्यातल्या मॅग्नेटाइटने त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या थरांतली दिशा सांगते की हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तीस अंशांच्या आसपास, ओतला गेला. आज ठाणे १९ अंश उत्तरेला. फरक ४९ अंश, अंशाला १११ किमी, म्हणजे सुमारे ५,४०० किमी, ६.६ कोटी वर्षांनी भागा, वर्षाला आठ सेंटिमीटर. हा सरासरीचा वेग, सुरुवातीला याहून बराच जास्त होता. खडकाजवळ होकायंत्र वापरताना दोन मीटर मागे सरून एकदा आणि समोरून उलट दिशेने एकदा वाचा. दोन्हींत १८० अंशांचा फरक आला नाही तर वाचन सोडून द्या. मोबाइलच्या कव्हरमधलं चुंबक आणि लोकलचे रूळ दोन्ही सुई बिघडवतात. मुंबई-ठाण्यात खरी उत्तर आणि सुईची उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे दुरुस्ती न करता चालतं.

मुक्कामावर परतल्यावर नमुन्यांना नंबर टाका: तारीख, जागा, कोणत्या उंचीवर, थराच्या माथ्याचा की मधला. ‘नाणेघाट, काळा दगड’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी महिन्याने कुणाच्याच उपयोगाची नसते. चिठ्ठी दगडावर नाही, पिशवीवर आणि पिशवीत, दोन्हीकडे. कालच्या बाटल्या खिडकीत तशाच आहेत. खाऱ्या पाण्याच्या बाटलीतून पलीकडची इमारत दिसते. गोड्या पाण्याची अजून गढूळ आहे.